सुईचा दुसरा तुकडा

९ जानेवारी

पायवाल्या बाईनं आज सगळ्यांसमोर झापलं मला! "ताई, यांचे पाय घरी कोण बघतं?" मी म्हटलं, त्यांचे पाय, ते बघतील. मला दुसरे उद्योग नाहीत का? तर म्हणे, यांना वाकता येत नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही आणि पायाला काही कळत नाही. मग राहिलं कोण?

राहिले मी. नेहमी मीच राहते.

नर्स आहे ती. पण दिवसभर साखरवाल्यांचे पाय मांडीवर घेऊन बसते, म्हणून दवाखान्यात सगळे तिला पायवाली बाईच म्हणतात. मास्तरांना डोळे मिटायला लावले. मास्तर म्हणजे आमचे हे. सगळी गिऱ्हाइकं टेलरमास्तर म्हणतात, मग मीही तेच. अठ्ठावीस वर्षं झाली. तर ती एक ताठ नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवायची आणि विचारायची, लागलं का? मास्तर म्हणाले, लागलं. परत — लागलं का? लागलं. अन् तेव्हा दोरा हवेत होता! पायाला लावलाच नव्हता. मी बघत होते ना. आधी हसू आलं, मग समजलं.

डावा पाय दहातल्या सात जागी मुका आहे.

डोळे उघडून मास्तर काय म्हणतात? "बाई, असला दोरा माझ्याकडे रीळभर आहे. देऊ का आणून?" यांना प्रत्येक ठिकाणी थट्टा सुचते.

एक कार्ड दिलंय. जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांचे चौकोन. रोज पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवे आरशात बघायचे, बुटात हात घालून खडाबिडा चाचपायचा. सगळं ठीक तर चौकोनात बरोबरची खूण. आणि मनातलं काही लिहायचं असेल तर वहीत लिहा म्हणे. म्हणून ही वही. लेकीची शाळेतली, अर्धी कोरी. मी चौथी शिकलेली, त्यातली अर्धी बाकाखाली. पण वाचणार कोण आहे!

निघताना मला म्हणते, "बोट द्या ताई, तुमचीही साखर बघू." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय!

१० जानेवारी

उजवा ठीक. डावा ठीक. पूर्वी तळपायाला हात लावला की मास्तर गुदगुल्यांनी किंचाळायचे. आज लाकडासारखे बसून होते.

१४ जानेवारी

गिऱ्हाइकांचा आरसा काढून जमिनीवर ठेवते आणि मास्तरांना कापायच्या टेबलावर बसवते. समोरच्या इस्त्रीवाल्यानं बघितलं. "काय वहिनी, आता तंगडीचंही माप घेता का?" मी म्हटलं, तुझ्या जिभेचं घेते, ये.

भांडण झालं आज. पायवाल्या बाईनं अनवाणी राहायचं नाही असं दहादा सांगितलंय. पण मास्तर मशीनवर बसले की बूट काढून टाकतात. म्हणतात, बूट घातला की पायडल कळत नाही. "आधीच पाय परक्याचा झालाय. त्यावर अजून बूट चढवू?" मी म्हटलं, लोखंडी जाळीवर उघडा तळवा घासताय दिवसभर, कातडं आहे की गोणपाट? तर म्हणे, "शिवायचं मी बघतो, तू काज कर."

करते. काज करते, बटणं लावते, हातशिलाई करते, गॅस बघते, आणि आता पायही बघते!

१९ जानेवारी

मोठं काम आलं. नर्सिंगच्या मुलींचे पांढरे कोट, नव्वद नग. सात फेब्रुवारीला द्यायचे. मास्तरांचा चेहरा उजळला. मीही मशीनवर बसणार, सरळ टिपा मारायला. दुसरं मशीन झाकलेलं होतं ते पुसलं.

सारखी तहान लागते. कापडाची धूळ घशात जाते.

२२ जानेवारी

रविवार. सबंध आठवड्यात तीनच दिवस पाय बघितले. कार्डावर चार चौकोन मोकळे — बोळक्या तोंडासारखे दिसत होते. पायवाली बाई बघेल आणि परत झापेल. भरून टाकले. मग पेन हातात होतंच, म्हणून पुढच्या आठवड्याचेही भरले! शनिवारपर्यंत ठीक, ठीक, ठीक. रोज तेच असतं ना? मग रोज कशाला उठून लिहायचं? एकदाच काय ते.

२७ जानेवारी

कॉलरच्या जाड शिवणीत घाई केली आणि सुई मोडली. कटकन!

आमच्या दुकानात एक नियम आहे. सुई मोडली की दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय उठायचं नाही. मास्तरांच्या वडिलांपासूनचा नियम. गोळ्यांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात प्रत्येक सुईचे दोन तुकडे टाकायचे. एकदा एका लहान मुलीच्या फ्रॉकमध्ये टोक राहिलं होतं, तेव्हा वडिलांनी दोन दिवस दुकान बंद ठेवून प्रत्येक कपडा उसवून बघितला होता, असं सांगतात.

वरचा तुकडा मशीनमध्येच होता. टोक सापडेना. कोट झटकला, चुंबक फिरवलं, फरशी चाचपली. अजून चाळीस कोट बाकी! किती वेळ रांगत बसू? वरचा तुकडा डब्यात टाकला.

"दोन्ही?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

३१ जानेवारी

फजिती झाली! बटणं आणायला गेले. कोपऱ्यापर्यंत पोचले तर मागून इस्त्रीवाला ओरडतोय, "वहिनी, चप्पल इथंच राहिली!" बघते तर एक पाय उघडा. कधी निसटली, देव जाणे. सगळा रस्ता हसला. पट्टा ढिला झालाय, दुसरं काय. डोक्यात कोटच कोट, पायाकडे लक्ष कुणाचं?

२ फेब्रुवारी

फरशीवर लाल ठिपके. दोन मशीनच्या मध्ये. पांढरं कापड आहे, डाग पडला तर! मास्तरांना म्हटलं, बोट टोचलं असेल तुमचं, बघा. त्यांनी दाही बोटं दाखवली — कोरडी. माझीही कोरडी. पुसून घेतलं. कोट वाचले.

५ फेब्रुवारी

रविवार. चौकोन भरले. मागचे आणि पुढचे.

दुकानात वास येतोय. उंदीर मेलाय कुठंतरी. गठ्ठे हलवून बघितले, नाही मिळाला.

८ फेब्रुवारी

कोट काल गेले. आज उंदीर शोधायचाच म्हणून सकाळी सगळं बाहेर काढलं. टेबल सरकवलं. मशीनं सरकवली. उंदीर नाही. मास्तर खुर्चीवर बसलेले, पायात मोजे. त्यांच्याजवळ गेलं की वास वाढायचा.

मोजा निघेना. चिकटला होता. पाण्यानं भिजवून काढला.

चवड्याखाली घट्टा होता, तो मधोमध काळा. दाबला तर आतून... नाही लिहिता येत.

"दुखत नाही गं," मास्तर म्हणाले. "एवढं काय? अजिबात दुखत नाही."

९ फेब्रुवारी

हे कुणाला सांगू? म्हणून इथं.

पायवाल्या बाईनं पाय मांडीवर घेतला आणि लगेच डॉक्टरांना बोलवायला माणूस धाडला. मग डॉक्टर आले. म्हणाले, कधीपासून आहे? मी म्हटलं, कालच दिसलं. खरं तेच सांगितलं! डॉक्टर म्हणाले, कार्ड?

मी कार्ड दिलं. देताना बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली. आज गुरुवार. उद्याच्या आणि परवाच्या चौकोनात खुणा केलेल्या! ठीक. ठीक. जो दिवस अजून उगवला नाही त्या दिवशीही मास्तरांचे पाय ठीक होते!

डॉक्टरांनी हात पुढं केला. पण बाईनं कार्ड मधेच घेतलं. तिनं बघितलं. नीट बघितलं. मग खुणांवर अंगठा ठेवला, कार्ड दुमडलं आणि स्वतःच्या खिशात घातलं. "नोंदी भरवशाच्या नाहीत, डॉक्टर. जुनी जखम धरून चला," एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यापेक्षा झापायला हवं होतं!

डॉक्टरांनी विचारलं, "टेलर आहात. सुईबिई गेली होती का पायात?"

मास्तर लगेच म्हणाले, "छे! आमच्याकडे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय कुणी उठत नाही."

मी भिंतीकडे बघत राहिले.

११ फेब्रुवारी

पायाचा फोटो काढला. हाडापर्यंत गेलंय. दोन बोटं काढली. मी विचारलं, फोटोत सुई दिसली? नाही म्हणाले. दिसली नाही म्हणजे नव्हतीच असं थोडंच आहे! टोचून, घाण करून बाहेर पडली असेल. त्या दिवशीचे लाल ठिपके — दहा बोटं बघितली आम्ही. पाय कुणी बघितले?

माझीच सुई. मीच.

१५ फेब्रुवारी

लेक आली. बापाच्या उशाशी बसून रडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "आई, तू रोज बघत होतीस ना गं?"

हो म्हटलं.

१८ फेब्रुवारी

अर्धं पाऊल काढलं.

१९ फेब्रुवारी

पायवाल्या बाईला जिन्यात गाठलं. सगळं ओकले. कार्डाचं, रविवारचं, पुढच्या आठवड्याचं. मला वाटलं, आता तरी शिव्या देईल.

म्हणाली, "ताई, निम्मी कार्डं अशीच येतात. एकाच पेनानं, एकाच दमात भरलेली. रोजची खूण रोज वेगळी असते, कधी वाकडी, कधी तेलकट. मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की लोक यायचेच बंद होतात. म्हणून येतील तेव्हा मी स्वतःच बघून घेते. तुम्ही मात्र महिनाभर आलाच नाहीत."

तीन आठवड्यांनी या म्हणून तिनंच तारीख दिली होती. तीस जानेवारी. मी म्हटलं होतं, कोट गेल्यावर जाऊ.

विचारलं, आधी आलो असतो तर? ती खोटं बोलत नाही, हेच तिचं वाईट आहे. म्हणाली, "घट्टा तासून, पट्टी बांधून, बूट बदलून घरी पाठवलं असतं." मग माझा हात धरून म्हणाली, "बोट द्या. साखर बघू." मी हात काढून घेतला. ही वेळ आहे का माझं बघायची? मला साखर निघाली काय आणि मीठ निघालं काय!

सुईचं तिलाही सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

रक्त पोचत नाही म्हणतात. गुडघ्याखालून.

मास्तरांनी सही केली. शिवणकामाच्या माणसाची सही, बारीक आणि सरळ. डॉक्टरांना विचारलं, "कुठून कापणार?" डॉक्टरांनी बोटानं दाखवलं. मास्तर म्हणाले, "थोडं कापड जास्त ठेवा. दुमडायला लागेल." डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटलं.

२५ फेब्रुवारी

झालं.

४ मार्च

घरी आणलं. पहिलं काय बघितलं? पायडल. बराच वेळ बघत होते. लेक म्हणाली, "बाबा, मोटर बसवू. पाय लागतच नाही." म्हणाले, "मोटर माझं ऐकत नाही. कुत्र्यासारखी पुढं पळते."

मग पांघरुणावरची सुरकुती सरळ करत राहिले. खाली पाय नाही तिथली.

६ मार्च

रोज चुंबक फिरवते. फरशीच्या भेगा, मशीनचे पाय, चिंध्यांची पोती. दोन टाचण्या, एक हूक. टोक नाही. नाहीच मिळणार. ते मास्तरांच्या पायाबरोबर गेलं.

कधी वाटतं, दुकानाला कुलूप लावावं, किल्ली गटारात टाकावी आणि चालत सुटावं. पण मला चालता येतं, हेच आता बघवत नाही.

१० मार्च

इस्त्रीवाला आला. चार कपडे इस्त्री करून घेऊन आला, न मागता. काही थट्टा केली नाही. ती केली असती तर बरं वाटलं असतं.

१३ मार्च

सांगितलं. आज सकाळी मास्तरांची पट्टी बदलताना. डोळ्यात बघवत नव्हतं म्हणून पट्टीकडे बघत सांगितलं. म्हटलं, एकच तुकडा होता. टोक सापडलं नव्हतं. दोन्ही म्हणाले ते खोटं होतं. आणि पायही रोज बघत नव्हते. कार्ड खोटं. सगळं खोटं.

मास्तरांनी हात पुढं केला. "डबा दे," म्हणाले. दिला. उघडून बघत बसले. एकेक जोडी बाहेर काढून टेबलावर लावली. शेवटी एक तुकडा एकटा राहिला.

जेवले नाहीत.

१४ मार्च

बोलत नाहीत.

१६ मार्च

अजून नाहीत. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भांडा, ताट फेका, पण बोला! इस्त्रीवाल्याशी बोलतात. माझ्याशी नाही.

१८ मार्च

तोंड उघडलं. पहिलं वाक्य — "उद्यापासून तुझे पाय दाखवायचे."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सूड घेताय का? माझे पाय कशाला? मला काय धाड भरलीय?

"मलाही भरली नव्हती," मास्तर म्हणाले. "दवाखान्यातून नवं कार्ड दिलंय, सगळे चौकोन कोरे आहेत. मी भरणार. रोजचा रोज."

१९ मार्च

सकाळी टेबलावर बसवलं मला. खाली आरसा. उजवा बघितला. डावा मांडीवर घेतला, टाचेच्या भेगेवर बोट फिरवलं आणि थांबले. चिमटा मागितला. भेगेतून काहीतरी ओढलं. काळं पडलेलं, तांदळाएवढं. पुसलं, डब्यातल्या एकट्या तुकड्याला लावून बघितलं.

जुळलं.

माझ्या पायात! सात आठवडे. मी म्हटलं, पण मला तर कधी दुखलं नाही. एकदाही नाही.

मास्तरांनी रिळातला ताठ दोरा हातभर तोडला. "डोळे मिट."

मिटले.

"लागलं का?"

म्हटलं, आधी लावा तरी.

म्हणाले, "केव्हाचा लावलाय."